चाकांची रोजनिशी

अपघात झाला की चौकशी करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वेगाचा. गाडी किती वेगात होती? ड्रायव्हर सांगतो चाळीस, मागे बसलेला प्रवासी सांगतो ऐंशी, आणि टपरीवर चहा पिणारा सांगतो की गाडी वाऱ्यासारखी आली. तिघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतील. पण माणसाच्या डोळ्यांना वेग नीट मोजता येत नाही, आणि घाबरलेल्या मनाला तर मुळीच येत नाही. दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. हा ड्रायव्हर किती तासांपासून गाडी चालवत होता? त्याचे उत्तर तर पाहणाऱ्यांपैकी कोणापाशीच नसते.

या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्राकडून मिळवण्याची खटपट १८३० च्या दशकापासून चालू आहे. आज ट्रकचा मालक आपली गाडी कोणत्या घाटात आहे हे घरबसल्या मोबाइलवर पाहतो. त्या सोयीच्या मागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो : नोंद मिळाल्यावर जाब विचारायचा तो कोणाला?

बॅबेजचा डबा

चार्ल्स बॅबेज हे नाव आपल्याला संगणकाच्या इतिहासामुळे माहीत असते. पण रेल्वेच्या इतिहासातही त्याचे एक छोटे प्रकरण आहे. लंडन ते ब्रिस्टल हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग इझंबार्ड ब्रूनेल हा इंजिनिअर बांधत होता. त्याने रुळांमधले अंतर ७ फूट ठेवले होते, तर जॉर्ज स्टीफन्सनच्या परंपरेतल्या रेल्वे ४ फूट ८.५ इंच अंतराच्या रुळांवर धावत होत्या. कोणते बरे, यावर मोठा वाद माजला. वाद मतांनी मिटत नाही, मोजमापांनी मिटतो, असे बॅबेजचे म्हणणे. १८३८-३९ मध्ये कंपनीने त्याला एक डबा दिला. त्याने तो आतून रिकामा केला आणि त्यात डब्याच्या हादऱ्यांपासून अलग राहील असे एक लांब टेबल बसवले. टेबलावरून १००० फूट लांबीच्या कागदाची गुंडाळी हळूहळू सरकत असे आणि त्यावर शाईच्या अनेक लेखण्या एकाच वेळी रेघा ओढत. एक रेघ इंजिनाच्या ओढीची, काही रेघा डब्याच्या वर-खाली आणि आजूबाजूच्या हादऱ्यांच्या. शिवाय एक घड्याळ दर अर्ध्या सेकंदाला कागदावर खूण करी.

घड्याळाची ही खूण महत्त्वाची आहे. अंतर आणि काळ एकाच कागदावर उमटले की वेग वेगळा मोजावा लागत नाही. दोन खुणांमध्ये किती अंतर कापले गेले ते पाहिले की झाले. पुढे आलेल्या प्रत्येक वेगनोंदकाच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

या प्रयोगांत बॅबेजचे पाच महिने आणि पदरचे सुमारे ३०० पौंड गेले. जीवही जायचा, पण वाचला. एका रविवारी त्याला आपला डबा मार्गावर न्यायचा होता. त्या दिवशी त्या रुळांवर दुसरे इंजिन नाही असे त्याला सांगण्यात आले. निघण्याच्या बेतात असताना दुरून इंजिनाचा आवाज आला. पाहतात तो ब्रूनेल स्वतः एकट्या इंजिनावर बसून भरधाव येत होता. कोणती गाडी कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसण्याचा तो काळ होता.

१८६४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात बॅबेजने या अनुभवातून एक शिफारस केली. प्रत्येक इंजिनावर त्याचा वेग क्षणोक्षणी आपोआप नोंदवणारे यंत्र असावे. अपघातानंतर साक्षीदार घाबरलेले असतात, काहींचे हितसंबंध गुंतलेले असतात. यंत्र मात्र लाच घेत नाही आणि विसरतही नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. हा साक्षीदार ड्रायव्हरविरुद्धच बोलेल असे त्याने गृहीत धरले नव्हते. रूळ खराब असेल तर यंत्र तेही सांगेल, असा हा विचार होता.

रुळांवरून रस्त्यावर

बॅबेजची सूचना लगेच कोणी उचलली नाही. पुढे वेगनोंदक यंत्रे हळूहळू इंजिनांत आली. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील हास्लर कंपनीची यंत्रे त्यांपैकी प्रसिद्ध. चाकाला जोडलेला दांडा आणि आतले घड्याळ यांच्या साहाय्याने कागदाच्या पट्टीवर वेगाचा आलेख उमटे. वळणावर ठरवून दिलेली मर्यादा पाळली की नाही, हे पट्टी पाहून नंतर तपासता येई. भारतीय रेल्वेच्या इंजिनांतही वेगनोंदक असतात आणि चौकशीत त्यांचा आलेख पुरावा म्हणून पाहिला जातो.

रेल्वेला मात्र एक सोय आहे. गाडी दर स्टेशनातून जाताना दिसते, तिची वेळ लिहिली जाते. ट्रक एकदा गावच्या नाक्याबाहेर पडला की दुसऱ्या गावात पोचेपर्यंत तो कोणालाच दिसत नाही. मध्ये ड्रायव्हर झोपला की नाही, जेवला की नाही, सलग किती तास बसून राहिला, याचा हिशेब कोण ठेवणार? ट्रकची वाहतूक वाढली तसा हा प्रश्न सर्वत्र आला. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराज्य वाहतुकीच्या ड्रायव्हरांवर तासांची मर्यादा आली आणि ती पाळल्याची नोंद ड्रायव्हरने स्वतः वहीत लिहायची असे ठरले. जर्मनीने यंत्राचा मार्ग धरला. फिलिंगेन गावातील कीन्झ्ले कंपनी घड्याळाच्या धंद्यातूनच या यंत्राकडे वळली होती, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस पश्चिम जर्मनीने मोठ्या ट्रकांवर असे यंत्र सक्तीचे केले. त्याचे नाव टॅकोग्राफ. ग्रीक भाषेत ‘टाखोस’ म्हणजे वेग आणि ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणे.

युरोपीय आर्थिक समुदायाने १९६९ साली ड्रायव्हरांच्या तासांचा समान नियम केला आणि १९७० साली त्याच्या जोडीला टॅकोग्राफचा. यामागे सुरक्षितता होतीच, पण व्यापारही होता. एका देशातला ड्रायव्हर दिवसाला नऊ तास गाडी चालवणार आणि शेजारच्या देशातला चौदा तास, तर दुसऱ्याचे भाडे स्वस्त पडणार आणि नियम पाळणारा धंद्यातून उठणार. नियम सर्वांना सारखा हवा आणि तो पाळला की नाही हे सर्वांना तपासता यायला हवे.

एका चकतीत एक दिवस

टॅकोग्राफची चकती वर्गात शिकवण्याजोगी वस्तू आहे. तळहाताएवढा गोल कागद, त्यावर मेणासारखा पातळ थर. यंत्रातले घड्याळ चकतीला २४ तासांत एक फेरा देते. तीन बारीक सुया थर खरवडून रेघा काढतात. बाहेरच्या कड्यात वेगाची रेघ. मधल्या कड्यात ड्रायव्हर गाडी चालवत होता, दुसरे काम करत होता की विश्रांती घेत होता याची. आतल्या कड्यात अंतराची. अंतराची सुई ५ किलोमीटरला एकदा वर जाते आणि पुढच्या ५ किलोमीटरला खाली येते, म्हणून तेथे करवतीच्या दातांसारखी नक्षी दिसते. मधोमध ड्रायव्हर आपले नाव, तारीख, गाडीचा नंबर आणि निघण्या-पोचण्याचे ठिकाण लिहितो.

आता विद्यार्थ्यांना एक गणित घालावे. सकाळी ६ ते ८ या वेळात अंतराच्या सुईने २० तिरप्या रेघा काढल्या आहेत. अंतर झाले १०० किलोमीटर, सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर. पण गाडी चालू असताना वेगाची रेघ ८० वर स्थिर आहे. ८० च्या वेगाने १०० किलोमीटरला सव्वा तास लागतो. मग उरलेली ४५ मिनिटे कोठे गेली? वेगाची रेघ ४५ मिनिटे शून्यावर असायला हवी. नसेल, तर कोणीतरी सुईशी खेळले आहे. तीन रेघा एकमेकींची साक्ष तपासतात, हे या साध्या यंत्राचे खरे बळ.

दुसरे गणित चाकाचे. टॅकोग्राफ वेग थेट मोजत नाही. तो फिरण्याची संख्या मोजतो आणि चाकाचा परीघ माहीत आहे असे धरून चालतो. चाकाचा व्यास १ मीटर असेल तर एका फेऱ्यात ३.१४ मीटर अंतर जाते, म्हणजे १ किलोमीटरला सुमारे ३१८ फेरे. टायर झिजून व्यास ९८ सेंटिमीटर झाला, की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी फक्त ९८० मीटर जाते, पण यंत्र १ किलोमीटर लिहिते. ड्रायव्हरच्या नावावर २ टक्के जास्त वेग चढतो. म्हणून टॅकोग्राफ ठरावीक मुदतीने तपासून घेण्याचे बंधन आहे. न तपासलेल्या मापाने कोणाचा न्याय करू नये, हा धडा भौतिकशास्त्राच्या तासालाही लागू आहे.

‘केबिनमधला हेर’

ब्रिटन १९७३ साली युरोपीय समुदायात दाखल झाला. आता तेथील ट्रकांनाही टॅकोग्राफ लावणे भाग होते. तेथील वाहतूक कामगारांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. ड्रायव्हर या यंत्राला ‘केबिनमधला हेर’ म्हणू लागले. संपाच्या भीतीने सरकारने ते ऐच्छिक ठेवले. तेव्हा युरोपीय आयोगाने ब्रिटनवर खटला भरला, आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की देशांतर्गत अडचणी सांगून ठरलेला नियम टाळता येणार नाही. १९८१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये टॅकोग्राफ सक्तीचा झाला.

ड्रायव्हरांचा विरोध केवळ हट्ट होता का? त्यांच्या दोन भीती समजून घेण्यासारख्या आहेत. जास्त तास चालवले तर जास्त मजुरी, असा हिशेब असताना तास मोजले जाणे म्हणजे उत्पन्न मोजून कापले जाणे. आणि दुसरी, चकती मालकाच्या हाती गेल्यावर दहा मिनिटांच्या चहाचाही जाब विचारला जाईल. तास कोणी वाढवले हे चकतीवर कोठेच उमटत नाही. माल पोचवण्याची वेळ ड्रायव्हर ठरवत नाही; सही मात्र त्याची असते.

युरोपच्या कायद्याने या मुद्द्याला पुढे उत्तर दिले. २००६ साली केलेल्या नियमानुसार दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबलेच पाहिजे. त्याच नियमात आणखी काही कलमे आहेत, त्यांची चर्चा कमी होते. किलोमीटरवर किंवा मालाच्या वजनावर अशी बक्षिसी देता येत नाही की जिच्यामुळे ड्रायव्हरला नियम मोडावासा वाटेल. ड्रायव्हरने नियम मोडला तर कंपनीही जबाबदार धरली जाते. माल पाठवणाऱ्यानेसुद्धा असे वेळापत्रक ठरवू नये की जे नियम पाळून पार पाडता येणार नाही. कंपनीने नोंदी किमान वर्षभर जपून ठेवायच्या आणि ड्रायव्हरने मागितली तर त्याला प्रत द्यायची. एकाच चकतीवर आता दोघांची नावे आली. मालक म्हणाला, तासांचे बंधन मी सांगितलेच होते, तर ड्रायव्हर नोंद पुढे करून दाखवू शकतो की ही खेप त्या तासांत बसतच नव्हती.

कागदाकडून उपग्रहाकडे

साक्षीदार लाच घेत नाही असे बॅबेजला वाटले होते, पण माणसे यंत्रालाही फितवतात. सुई वाकवणे, एका दिवसात दोन चकत्या वापरणे, दुसऱ्याच्या नावाची चकती घालणे, हे प्रकार सर्रास होऊ लागले. म्हणून १ मे २००६ पासून युरोपात नव्या गाड्यांना अंकीय टॅकोग्राफ आला. त्यात प्रत्येक ड्रायव्हरचे स्वतःचे कार्ड असते आणि नोंदी सांकेतिक रूपात साठतात. मग गिअरबॉक्सवरील संवेदकाला चुंबक चिकटवून गाडी उभीच आहे असे भासवण्याची युक्ती निघाली. जून २०१९ पासूनच्या नव्या टॅकोग्राफला उपग्रहांची जोड मिळाली. चाक सांगते गाडी उभी आहे आणि उपग्रहावरून कळते की ती धावते आहे, असे झाले की लबाडी उघडी पडते. चकतीवरील तीन रेघांचेच तत्त्व येथे पुन्हा भेटते.

उपग्रहाने जागा ठरवण्याची रीत चाकापेक्षा अगदी वेगळी आहे. येथे मोजला जातो तो काळ. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. त्याचा रेडिओ संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतात, आणि निदान चार उपग्रहांवरून जागा व वेळ दोन्ही ठरवतात. रेडिओ लहरी एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागात ३०० मीटर जातात, म्हणजे घड्याळ तेवढे चुकले तर गाडी शेजारच्या रस्त्यावर दिसेल. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ साली पूर्ण झाली. नागरी वापरासाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकल्यावर ती ट्रकच्या कामाला खरी उपयोगी पडली. बोगद्यात आणि उंच इमारतींमध्ये ती आजही अडखळते, हे लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची. २०१९ चा युरोपीय टॅकोग्राफ गाडीची जागा सतत लिहीत नाही. दिवस सुरू होताना, संपताना आणि गाडी चालवण्याचे दर तीन तास भरले की तो जागा नोंदवतो; पुढे सीमा ओलांडण्याच्या नोंदीची भर पडली. तंत्र दर सेकंदाची जागा देऊ शकत असताना कायद्याने प्रश्नापुरतीच नोंद मागितली.

अमेरिकेतला धडा

अमेरिकेत ड्रायव्हरने वहीत लिहिण्याची पद्धत कित्येक दशके चालली. त्या वह्यांवर कोणाचा विश्वास नव्हता. खुद्द ड्रायव्हरच त्यांना चित्रकथांची पुस्तके म्हणत. १९८८ साली क्वालकॉम कंपनीने उपग्रहाद्वारे ट्रकचा माग ठेवणारी यंत्रणा बाजारात आणली आणि मोठ्या कंपन्यांनी ती घेतली. २०१० साली सरकारने नियम मोडणाऱ्या कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक नोंदक लावायला लावणारा नियम केला. ट्रक-मालक-चालकांची संघटना न्यायालयात गेली. २०११ साली न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण या यंत्राने मालक ड्रायव्हरचा छळ करणार नाही याची तजवीज कायद्याने मागितली होती आणि सरकारने ती केली नव्हती. पुढे अशी तजवीज असलेला नवा नियम झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये तो अमलात आला.

मग काय झाले? स्कॉट, बाल्थ्रॉप आणि मिलर या संशोधकांनी २०२१ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तासांचे उल्लंघन खूप घटले. पण ज्या छोट्या कंपन्यांत यंत्र नव्याने आले, तेथे अपघात घटल्याचे दिसले नाही, आणि वेगमर्यादा मोडण्यासारख्या गुन्ह्यांची नोंद वाढली. असे का व्हावे? तेथे ११ तास गाडी चालवण्याची मुभा आहे, पण ते तास कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत संपवावे लागतात. लांब पल्ल्याच्या अनेक ड्रायव्हरांना मैलांवर पैसे मिळतात. गोदामात माल चढवायला चार तास लागले तर त्या वेळेचे बहुधा काहीच मिळत नाही, आणि घड्याळ मात्र चालूच राहते. पूर्वी वहीत दोन तास मागेपुढे लिहिता येत. आता ते जमत नाही, म्हणून हरवलेला वेळ रस्त्यावर भरून काढला जातो. यंत्राने चाकाचा हिशेब चोख केला. गोदामातल्या उशिराचा हिशेब कोणी मागितला नाही.

शिवाय तास मोजणे म्हणजे थकवा मोजणे नव्हे. पहाटे तीन वाजताचे दोन तास आणि सकाळी दहाचे दोन तास शरीराला सारखे नसतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर जाते. ड्रायव्हरला तीन सेकंद डुलकी लागली तर ६० मीटर ती कोणीच चालवत नसते. त्या डुलकीआधीची सारी नोंद नियमात बसणारी असू शकते.

आपल्याकडे

भारतात १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. मोजणारे यंत्र मात्र तेव्हा सांगितले नव्हते. यंत्र आले ते वेगळ्या कारणाने. प्रवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी २०१६ साली नियम झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र व धोक्याचे बटण आवश्यक ठरले. दुचाकी आणि रिक्षा त्यातून वगळल्या. हे यंत्र गाडी कोठे आहे ते सांगते. तिच्या चाकामागे कोण बसले आहे आणि तो किती तासांपासून बसला आहे, हे त्यावरून आपोआप कळत नाही. गाडीचे तास आणि माणसाचे तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शाळेच्या बसलाही आता असे यंत्र बऱ्याच ठिकाणी असते, आणि वेग वाढल्याची सूचना मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर येते. ती आली की ड्रायव्हरला बोलावून खडसावण्याआधी एक आकडेमोड करावी, आणि ती नववीच्या मुलांकडूनच करून घ्यावी. समजा, मार्ग १८ किलोमीटरचा आहे, वेळापत्रकात ३० मिनिटे दिली आहेत आणि वाटेत १२ थांबे आहेत. प्रत्येक थांब्याला एक मिनिट धरले तर चालण्यासाठी उरतात १८ मिनिटे. म्हणजे वळणे, गतिरोधक, गर्दी धरून सरासरी वेग हवा ताशी ६० किलोमीटर. गावातल्या रस्त्यावर हा वेग वेळापत्रकानेच मागितला आहे. पुढे महिन्याभराच्या नोंदी घेऊन पाहावे. एकच ड्रायव्हर एका टप्प्यावर वेग वाढवत असेल तर त्याच्याशी बोलायला हवे. सगळेच ड्रायव्हर रोज त्याच टप्प्यावर वेग वाढवत असतील, तर बोलावे लागेल ते वेळापत्रक आखणाऱ्याशी.